नवीन माणसं

मनकर्णानं घरातले देव एका पितळी डब्यात घातले, डबा पिशवीत घातला आणि माजलगावला गाडी बदलून ती तलवाड्याला, माहेरी गेली. देव तिनं नदीत सोडले नाहीत की उकिरड्यावर टाकले नाहीत. भावाच्या ओट्यावर डबा ठेवून ती म्हणाली, "अंगद, हे आईनं मला लग्नात दिलेले. आता तुझ्याकडं ठेव. माझ्या घरात ह्यांचं काम न्हाई."

अंगद तिच्या पाठचा भाऊ. त्यानं चहाची बशी तशीच खाली ठेवली. "येडी झालीस का? कुनी भरवलं तुला?"

"कुनी न्हाई भरवलं. ह्या पुनवेला आमी चौघांनी बी दीक्षा घेतली. मी, हे, आन दोन्ही लेकरं."

"मंजी तुला आमी मेलो."

"तसं कावून म्हनतोस? देव सोडले, भाऊ न्हाई सोडला मी."

"देव आमचे हायत आन भाऊबी आमच्यातलाच हाय," अंगद म्हणाला. "तू तिकडं गेलीस ना, मग तिकडंच ऱ्हा. हिकडं येऊ नको. मयतीलाबी येऊ नको."

आई आत चुलीजवळ होती. ती सगळं ऐकत होती, पण बाहेर आली नाही. मनकर्णा उंबऱ्यापाशी थोडा वेळ थांबली, मग चपला घालून निघाली. माजलगाव येईपर्यंत ती गाडीत तोंडाला पदर लावून बसली होती. परळीत उतरली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली.

मनकर्णा जन्मानं कोणत्या जातीतली, हे इथं लिहीत नाही. तिनं ते मागं टाकलं आणि त्यासाठी माहेर गमावलं. एवढं कळलं तरी पुरे आहे की तिच्या माहेरी आणि सासरी कुणीही बौद्ध नव्हतं. ती राहायची त्या पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत सगळ्या तऱ्हेची माणसं होती. थर्मल वीजकेंद्रात ठेकेदाराकडं जाणारे, हमाल, राखेच्या टँकरवरचे ड्रायव्हर, शेरडं राखणारे. वस्तीला लागूनच राखेच्या विटांचा कारखाना होता. तिथं मनकर्णा साच्यातून निघालेल्या विटा रचायची आणि त्यांना पाणी मारायची. केसांवर, पापण्यांवर करडी राख बसायची. नवरा निवृत्ती एका गोदामावर रखवालदार. दीक्षेआधी तो प्यायचा. रोज नाही, पण प्यायला की घरात भांडी उरत नसत.

वस्तीच्या कडेला पंचशीलाचं घर होतं. चांगलं, दोन खोल्यांचं, पुढं फरशी घातलेलं. पंचशीला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, त्यामुळं तिच्या घरात बुद्ध तिच्या जन्माआधीच आलेला होता. नवरा विलास कॉलेजात शिकवायचा आणि सभेत बोलायला उभा राहिला की माणसं चुळबुळ थांबवत. तेव्हा मनकर्णाची आणि पंचशीलाची तोंडओळखही धड नव्हती. ती झाली एका मयतीमुळं.

वस्तीत एक म्हातारा राहायचा. छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. कुठून आला, कुणाचा कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका सकाळी तो खोलीत मेलेला सापडला. माणसं जमली, तिरडी बांधून झाली, आणि मग सगळे नुसते उभे राहिले. त्याची जात माहीत नाही, तर खांदा कुणी द्यायचा? ज्याचा त्यानं द्यावा, असं जो तो म्हणायचा. ऊन चढायला लागलं. पंचशीला दवाखान्यातून घरी चालली होती. तिनं पर्स शेजारणीच्या हातात दिली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि पुढं येऊन म्हणाली, "मी धरते. आणखी कोण?"

बायका तोंडाकडं बघत राहिल्या. मनकर्णा पुढं झाली. का झाली, ते तिला नंतरही सांगता यायचं नाही. तिच्या मागून निवृत्ती आला, आणि टेम्पो चालवणारा म्हाळू आला. धनगराचं पोर, अंगानं दांडगं. दोन बाया आणि दोन गडी, अशा चौघांनी म्हाताऱ्याला स्मशानात नेलं.

परत येताना पंचशीलानं तिघांनाही घरी नेलं. अंघोळीला पाणी दिलं, चहा केला. विलास तेव्हा म्हणाला, "आज तुम्ही जे केलं, ते दर रविवारी का करू नये? म्हणजे मयत नव्हे. एकत्र येणं."

बैठक अशी सुरू झाली. आधी पंचशीलाच्या फरशीवर, मग तिच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये. शेडची जमीन मनकर्णानं आणि तिच्याबरोबरच्या बायांनी केली. कारखान्यात तडे गेलेल्या विटा बाजूला पडायच्या, मालकाला विचारून त्या त्यांनी डोक्यावर वाहून आणल्या. समोर बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. रविवारी सकाळी वंदना, मग कुणीतरी काहीतरी सांगायचं, आणि शेवटी ज्यानं त्यानं घरून आणलेली भाकरी एकत्र करून खायची. कुणाची कुठली भाकरी, हे ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या एकाच टोपल्यात जायच्या.

बैठकीचे नियम ठरले तेव्हा चांगली भांडणं झाली. दारू नको, हे म्हाळूला पटेना. तो म्हणाला, "लग्नात तरी थोडी चालू द्या की बे," आणि सगळे हसले. नवस नको, हे छबुबाईला जड गेलं. छबुबाई चांगल्या शेतीवाडीच्या घरातली. नवरा गेल्यावर दिरांनी तिला बाहेर काढलं होतं आणि ती वस्तीत शिवणकाम करून राहायची. पण एका नियमावर कुणी भांडलं नाही. कुणी कुणाला मूळचं विचारायचं नाही.

"आणि कुणी कुणाचं सांगायचंही नाही," पंचशीला म्हणाली. "बाहेरच्यानं विचारलं तरी नाही. इथं आलं की आपण सगळे इथलेच."

विलासनं त्यावर मोठं बोलणं केलं. रोटीव्यवहार तर सुरू झाला, आता बेटीव्यवहार झाला पाहिजे, नाहीतर ही सगळी भाकरी पोटात गेली आणि संपली, असं तो म्हणाला. "आपल्या लेकरांची लग्नं आपण जात न बघता करू. आहे कबूल?" सगळ्यांनी हात वर केले. मनकर्णानं तर दोन्ही केले.

त्या बैठकीनं तिचं घर बदललं, हे खरं आहे. निवृत्तीनं दारू न पिण्याचं पाचवं शील घेतलं आणि पाळलं. पहिल्या दिवसांत त्याचे हात थरथरायचे. तेव्हा पंचशीला रोज येऊन त्याला बघून जायची. मनकर्णाला लिहितावाचता येत नव्हतं. पंचशीला शेंगा सोलता सोलता एकेक ओळ म्हणायची आणि मनकर्णा तिच्या मागं म्हणायची. पाली शब्द तिच्या जिभेवर अडकायचे, दोघी हसायच्या. मनकर्णा तिला 'ताई' म्हणायची, पंचशीला तिला 'अक्का'. पुढं त्या पुनवेला चौघांनी दीक्षा घेतली, आणि नंतर मनकर्णा घरोघर जाऊन बायांना बैठकीला बोलवायला लागली. "चला की, तितं कुनी वर न्हाई, कुनी खाली न्हाई," असं सांगायची. तिच्या बोलण्यावर भरवसा ठेवून कितीतरी घरं आली.

आई वारली तेव्हा तलवाड्याहून निरोप आला नाही. दहावा उरकल्यानंतर माहेरची एक बाई परळीच्या बसस्टँडवर भेटली, तिच्याकडून कळलं. मनकर्णा तशीच बैठकीत आली आणि कोपऱ्यात बसली. पंचशीलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वंदना होईपर्यंत तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. त्या दिवशी मनकर्णा तिला म्हणाली, "ताई, आता मला माहेर तुमीच."

"आहेच," पंचशीला म्हणाली.

मनकर्णाची थोरली योगिता शिकून मेडिकलवर कामाला लागली. सावळी, उंच, बोलण्यात चटपटीत. धाकट्याचं शिक्षण चालू होतं. योगिताच्या लग्नाचं निघालं तेव्हा पंचशीलाच म्हणाली, "अक्का, तू काळजी करू नको. आपल्यातलं चांगलं स्थळ बघू. माझ्या ओळखी आहेत, मी मध्ये पडते."

स्थळं येऊ लागली. केजकडचं आलं, धारूरचं आलं. माणसं भली वाटायची. आल्याबरोबर "जय भीम" म्हणायची, पोहे खायची, योगिताला शिक्षण विचारायची, मूर्तीपुढं हात जोडायची. जाताना पंचशीलाच्या घरी चहाला थांबायची, कारण मध्यस्थ तीच. आणि मग फोन यायचा नाही. मनकर्णा वाट बघायची. पंचशीला म्हणायची, "त्यांना नोकरीवाली नको आहे," नाहीतर म्हणायची, "त्यांचं दुसरीकडं ठरलं."

अंबाजोगाईचं स्थळ मात्र झाल्यातच जमा होतं. मुलाचं नाव भारत, ग्रामसेवक होता. त्यानं पोहे पुन्हा मागून घेतले, योगिताला मेडिकलमधल्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला लावले आणि मोठ्यानं हसला. त्याची आई विजयमाला निघताना योगिताच्या गालाला हात लावून गेली. योगिता त्या आठवड्यात घरात गाणं गुणगुणत होती. मग तिथूनही काही आलं नाही. मनकर्णानं फोन केला तर उचलला नाही.

योगितानं आरशापुढं उभं राहून एकदा विचारलं, "आई, मी लई काळी हाय का?"

"न्हाई गं. कुनी म्हनलं?"

"मग काय हाय माज्यात?"

मनकर्णा पंचशीलाकडं गेली. पंचशीला म्हणाली, "होईल अक्का. शेवटी ज्याचं त्याचं नशीब असतं."

मनकर्णाला त्यातही हसू आलं. "ताई, नशीब म्हनायचं न्हाई ना आपल्यात? तुमीच तर शिकवलं."

पंचशीला हसली नाही. तिनं विषय बदलला. मनकर्णाच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर अंबाजोगाईच्या एका विहारात मोठा कार्यक्रम होता. वस्तीतल्या बायका म्हाळूच्या टेम्पोत बसून गेल्या. पंचशीलाची ड्युटी होती, ती आली नाही. दुपारी जेवणाच्या पंगतीत मनकर्णा बसली आणि शेजारी बघते तर विजयमाला. दोघीही अवघडल्या. पानात भात पडला, वरण पडलं. शेवटी विजयमालाच बोलली.

"योगिताचं जमलं का कुठं?"

"न्हाई अजून."

"चांगली पोरगी हाय हो. भारतला लई आवडलती. अजून नाव काढतो." तिनं भात कालवला. "राग धरू नका बाई. मी काय म्हनते, तुमच्या पंचशीला शिस्टरनी आधीच सांगितलं, ते बरं झालं. पुढं कळलं असतं तर दोन्हीकडं वाईट झालं असतं."

मनकर्णाचा घास हातात राहिला. "काय सांगितलं?"

"हेच. मानसं लई चांगली हायत, शिस्तीची हायत, न पिनारी हायत. पन नवीन हायत."

"नवीन?"

"आता असं बघा, मला स्वतःला काय न्हाई. बुद्ध सगळ्यांचा हाय. पन आमच्या जावांच्या पोरी लग्नाच्या हायत. भावकी इचारती, कुठल्या मूळच्या म्हनून. त्यांच्यापुढं मी काय सांगू?"

वाढायला आलेल्या पोरीला मनकर्णा हातानं नको म्हणाली. पानातलं टाकायचं नाही म्हणून सगळं जेवली आणि हात धुवायला उठली. परतीच्या वाटेवर बाया गाणी म्हणत होत्या. छबुबाईनं तिला कोपरानं ढोसलं, "म्हन की, तुजाच आवाज मोठा." ती बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती घरी गेली नाही. अंगावरच्या राखेसकट पंचशीलाच्या दारात उभी राहिली. पंचशीला ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"अक्का, ये. बस. चहा टाकते."

"बसत न्हाई. एक इचारायचं व्हतं. आमी नवीन हाय का?"

पंचशीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. "कोण बोललं तुला? विजयमालाबाई?"

"कुनी का बोलंना. तुमी म्हनलात का?"

"अक्का, तू बस आधी."

"म्हनलात का?"

"त्यांनी विचारलं," पंचशीला म्हणाली. "सरळ तोंडावर विचारलं की ही माणसं मूळची कोण. मी काय सांगायचं? खोटं बोलू? चौथं शील आपण दोघींनी बरोबर म्हटलंय."

"मूळची परळीची म्हनायचं. आमच्यातली म्हनायचं. ते काय खोटं झालं असतं?"

"आणि लग्नानंतर कळलं असतं तर? त्या घरात योगिताचं काय झालं असतं, याचा विचार केलास? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय असं. पोरगी माघारी आली असती. मी तिच्यासाठीच..."

"इचारलं तरी सांगायचं न्हाई, हे कुनाचं बोलनं व्हतं, ताई?"

पंचशीलानं हातातली शेंग खाली ठेवली.

"केजवाल्यांनाबी सांगितलं?"

पंचशीला सांडलेले दाणे गोळा करायला लागली.

"धारूरच्यांना?"

"सगळेच विचारतात गं," पंचशीला हळू म्हणाली. "तुला वाटतं मला बरं वाटतं? समाज असा आहे. एका दिवसात बदलत नाही."

"समाज मंजी कोन? मला समाज मंजी तुमीच दिसत व्हत्या." मनकर्णाचा आवाज चढला नव्हता. मग तिनं असं काही विचारलं, जे त्या क्षणापर्यंत तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. पंचशीलाचा मुलगा समाधान पुण्यात नोकरीला होता, लग्नाचा होता, योगिताबरोबर त्याच अंगणात वाढला होता. "आपल्या समाधानसाठी योगिता कधी मनात आलती का तुमच्या?"

पंचशीलानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता. नुसतं आश्चर्य होतं.

"अक्का," ती म्हणाली, "तसं कसं?"

मनकर्णाला सगळ्यात जास्त लागलं ते हे आश्चर्य. पुढं कधी बोलली तर ती त्याबद्दलच बोलायची. खोटं बोलली असती, 'त्याचं दुसरीकडं आहे' म्हणाली असती, तरी चाललं असतं, असं म्हणायची.

घरी तिनं निवृत्तीला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बैठकीत बोल. नियम बैठकीत ठरले, मोडलेबी तितंच कळू दे."

रविवारी वंदना झाल्यावर मनकर्णा उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. तिनं सगळं जसं घडलं तसं सांगितलं, विजयमालाचं नाव न घेता. शेवटी म्हणाली, "मला कुनाला शिक्षा नको. मला फकस्त इचारायचं हाय की आमी इतं किती वर्सं आलो मंजी जुने व्हनार?"

पंचशीला खाली बघत होती. विलास उठला. त्यानं चष्मा पुसला आणि अगदी शांत, समजावणीच्या सुरात बोलायला लागला. मनकर्णाबाईंच्या वेदनेचा आपण आदर करतो, पण सोयरीक हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. तो धम्माच्या व्यासपीठावर आणला तर फूट पडेल. आधीच बाहेर आपल्याला हसायला टपलेले लोक आहेत. प्रबोधन चालू आहे, ते हळूहळू होतं.

"सर," म्हाळू मागून उठला, "हात वर करायला तुमीच लावलं व्हतं ना? तवा घरचा प्रश्न न्हवता तो?"

"म्हाळू, भावनेच्या भरात बोलू नकोस."

"बरं. मग मीबी नवीनच का? इवढं सांगा, मंजी मी टेम्पो काढतो."

विलासनं त्याला हातानंच बसायची खूण केली. मनकर्णानं सगळीकडं बघितलं. जी घरं तिनं स्वतः बोलावून आणली होती, त्यातली काही माना घालून बसली होती. शेवटी तिनं छबुबाईकडं बघितलं. छबुबाईला तरी घरच्यांनी टाकलं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

छबुबाई म्हणाली, "मनकर्णे, खरं सांगू का? एका ताटात जेवनं येगळं आन लग्न येगळं. माज्या पोरीचं असतं तर मीबी बघून-सवरूनच केलं असतं. तू इवढं मनावर घेऊ नको."

मनकर्णा खाली बसली. त्या दिवशीही भाकरी एकत्र झाल्या. तिनं टोपल्यातून एक उचलली, अर्धी खाल्ली आणि निवृत्तीबरोबर उठून गेली. म्हाळू त्यांच्याआधीच गेला होता.

लोकांना वाटलं, आता निवृत्ती पुन्हा प्यायला लागेल. दोघं-तिघं तर त्याच्या मागावरच होते. पण तो नाही प्यायला. कुणी चेष्टेत विचारलं तर म्हणायचा, "मी काय त्यांच्यासाठी सोडली न्हवती."

काही दिवसांनी समाधानचा पुण्याहून मनकर्णाला फोन आला. लहानपणापासून तो तिला मावशी म्हणायचा. "मावशी, मला आत्ता कळलं," तो म्हणाला. "जेवलीस का तू?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, जेवले. त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही, आणि शेवटी शेजारीण हाक मारतेय असं खोटंच सांगून तिनं तो बंद केला.

बातमी तलवाड्यालाही गेली. अंगद आला. इतक्या वर्षांनी तो बहिणीच्या दारात उभा होता, केस पिकलेले, हातात केळ्यांचा फणा. मनकर्णानं त्याला पाणी दिलं, भाकरी केली, पिठलं केलं. तो पोटभर जेवला आणि हात पुसत म्हणाला, "झालं ना मनासारखं? घेतलं का त्यांनी तुला?"

मनकर्णानं त्याचं ताट उचललं.

"आता झालं गेलं सोड. डबा मी अजून ठेवलाय. योगितासाठी माज्या बायकोच्या भावाचा पोरगा हाय. काय बी न्हाई इचारनार ते. तुमी परत येनार, इवढं बोल, बस."

पिठल्याचं भांडं घासता घासता मनकर्णानं विचारलं, "आईनं माजं नाव काढलं व्हतं का रे? शेवटी?"

अंगदनं मान खाली घातली. "काढलं व्हतं."

"मग तवा निरोप कावून न्हाई धाडला?"

अंगदनं केळी तिच्याकडं सरकवली.

"तुमीबी दार लावलं आन त्यांनीबी लावलं," ती म्हणाली. "त्यांचं लागलं म्हनून तुमच्या दारात कशी येऊ? माजं तुटलं ते मानसांशी. पाच शिलांत मला काय खोट दिसली न्हाई. ते मी सोडनार न्हाई."

योगितानंही आतून येऊन मामाच्या पाया पडून सांगितलं की लग्न तिला इतक्यात करायचं नाही. उन्हाळ्यात ती संभाजीनगरला एका औषधाच्या कंपनीत लागली. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. भारतचं लग्न झाल्याचं तिला कुणाच्या तरी स्टेटसवर दिसलं. त्यानंतर आठवडाभर तिनं आईला फोन केला नाही. मनकर्णानंही तिला काही विचारलं नाही.

शेड आता पक्कं झालं आहे. वर स्लॅब पडला, आत टाइल्स बसल्या. तडे गेलेल्या विटा उपटून बाहेर टाकल्या, त्या कुणीतरी गोठ्याला नेल्या. उद्घाटनाला तालुक्यातले पुढारी आले होते. रविवारची वंदना होते, पण येणारी बहुतेक घरं जुनीच. छबुबाई जाते. मनकर्णाला खोकला झाला होता तेव्हा पंचशीला एकदा तिच्या घरी आली होती. मनकर्णानं खुर्ची दिली, पाणी दिलं, "बसा शिस्टर" म्हणाली. पंचशीलानं छाती तपासली, गोळ्या सांगितल्या, आणि जाताना दारात थांबून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मनकर्णा तोवर आत वळली होती. गोळ्या तिनं घेतल्या.

कारखान्याला बुधवारी सुट्टी असते. त्या दिवशी मनकर्णा आपल्याच खोलीत मेणबत्ती लावून वंदना म्हणते. म्हाळू येतो, त्याची बायको येते, विटांवरच्या एक-दोघी येतात. मनकर्णा आता कुणाला बोलवायला जात नाही.

मध्यंतरी वस्तीत अंजली नावाची एक तरणी बाई राहायला आली. नवरा राखेच्या टँकरवर. तिनं बुधवारचा आवाज ऐकला आणि एकदा दाराशी येऊन उभी राहिली. "मावशी, मलाबी यायचंय. इतं येनारे सगळे सारखे असत्यात म्हन."

"कुनी सांगितलं?"

"बाया बोलत व्हत्या. तुमीच सांगायच्या म्हन पयले."

मनकर्णानं काडी विझवली आणि तिच्याकडं नीट बघितलं. "माहेर हाय का तुला?"

"हाय की. गेवराईला. आई हाय, भाऊ हाय."

"जातेस-येतेस?"

"मंजी काय. दिवाळीला, राखीला."

"मग बाई, आदी त्यांना इचार. हितं आलीस तर ते तुला सोडतील का, ते बघ. सोडलं तर हिकडं कोन उचलून घेईल, तेबी बघ. मी तुला चल म्हननार न्हाई. पयले म्हनत व्हते, आता न्हाई म्हनत."

"मग हे खोटं हाय का?" अंजलीनं मूर्तीकडं बोट करून विचारलं.

"हे खोटं न्हाई," मनकर्णा म्हणाली.

अंजली दारातच घोटाळली. आत म्हाळू आणि त्याची बायको हात जोडून बसले होते, सुरू व्हायची वाट बघत. मनकर्णानं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिनं पदर डोक्यावरून घेतला, मूर्तीसमोर बसली आणि वंदना म्हणायला लागली. बाहेरून राखेचा एक टँकर गेला तेव्हा तिनं आवाज थोडा चढवला.